कर्सर मध्येच थडकतो तेव्हा

द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं करायचं माझं काम. पंचवटीतल्या टेबलावर 27 इंची फोरके मॉनिटर, शेजारी जुना फुल एचडी. डोळ्यांना दोन्ही साधारण सारखेच उंच, पण विंडोज उंचीतले पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, मोजतं: इकडे 2160, तिकडे 1080. म्हणजे मोठ्याच्या अर्ध्या कडेला शेजारीच नाही! ऐन हंगामात, पॅकहाउसवाले फोनवर खोळंबलेले असताना, कर्सर नेमका तिथेच थडकायचा.

डिस्प्ले सेटिंगमध्ये छोट्या मॉनिटरचा चौकोन ओढून मोठ्याच्या मध्यावर आणला. तरी वर-खाली 540 पिक्सेलची भिंत उरलीच. विंडोज 11 मध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली कर्सर सहज पलीकडे सोडणारा पर्याय असतो, तो चालू केला. अडणं थांबलं. मात्र मोठ्याच्या पाव उंचीवरून सरळ नेला, तर छोट्यावर थेट माथ्यावर उगवतो. भाचा म्हणतो, ‘मामा, एकसारखे दोन घ्या.’ पैसे काय त्याचा बाप देणार?