जेवणाच्या खोलीतला उजेड

कोथरूडच्या आमच्या घरात जेवणाच्या खोलीला एकच खिडकी आहे, तीही उत्तरेला, त्यामुळे पावसाळ्यात दुपारीसुद्धा तिथे दिवा लावावा लागतो. इतकी वर्षे तिथे पांढरी ट्यूबलाइट होती आणि तिच्या उजेडात आमटी मळकट, तर पोळीवरचे डाग काळपट दिसत. यंदा खोली नव्याने करायची ठरली, तेव्हा फर्निचरच्या आधी मी उजेडाचा निर्णय घेतला. लाकूड, तांबे आणि दगड यांचे रंग उजेडावर अवलंबून असतात. दुकानातल्या झगझगाटात पसंत केलेला नमुना घरी वेगळाच दिसतो, म्हणून हाच क्रम मला योग्य वाटतो.

दिवा घेताना बहुतेक जण केल्विनचा आकडा पाहतात. २७०० केल्विनचा उजेड जुन्या पिवळ्या बल्बसारखा उबदार असतो, तर ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. परंतु जेवणाच्या टेबलावर तेवढ्याच महत्त्वाचा असतो तो सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा निर्देशांक. आमचा पहिला बल्ब २७०० केल्विनचाच होता, तरीही टोमॅटोच्या कोशिंबिरीचा लाल रंग उतरलेला वाटे. खोक्यावर पाहिले तर सीआरआय ८० होता. नव्वदच्या वरचा बल्ब लावला आणि फरक पहिल्याच जेवणात जाणवला.

दिव्याची तांब्याची शेड तांबट आळीत करून घेतली. माठारकामात हातोडीने एकाशेजारी एक मारलेले ठोके पत्र्याला मजबुती देतातच, शिवाय दिवा लागला की प्रत्येक ठोक्याची कड वेगळी चमकते. आतून तांबे उघडेच ठेवले असते तर उजेडावर तांबूस छटा आली असती, म्हणून आतल्या बाजूला कल्हई करून घेतली. टेबलापासून अडीच फुटांवर शेड टांगल्यामुळे बल्ब डोळ्यांवर येत नाही आणि समोरच्याचा चेहराही झाकला जात नाही.

टेबलाच्या फळ्या पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळईतून काढल्या आहेत. रंधा मारल्यावर आतला मधासारखा रंग वर आला, पण जुन्या खिळ्यांची काळवंडलेली भोके बुजवू नयेत असे मी सुतारांना आवर्जून सांगितले. चकचकीत पॉलिशऐवजी जवसाचे तेल पातळ हाताने तीनदा लावले. इथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी: तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत, कारण तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत.

टेबलाला शहाबादी फरशी बसवण्याचा मोह मात्र आवरला. तो चुनखडीचा दगड असल्याने लिंबू, चिंच किंवा कोकम सांडले की तिथला पृष्ठभाग खरवडल्यासारखा निस्तेज होतो. ती फरशी माठाखालच्या कट्ट्याला लावली आहे आणि ओली झाली की तिचा करडा रंग फार सुंदर गडद होतो.

आता खिडकी तेवढी राहिली आहे. तिच्यासाठी बुरूड आळीत बांबूच्या पडद्याचे माप देऊन आले आहे.