रिंजानीच्या शेजारचा नाहीसा झालेला डोंगर

इंडोनेशियातील लोम्बोक बेटावर येणारे बहुतेक गिर्यारोहक रिंजानीच्या ३७२६ मीटर उंचीच्या माथ्यावरून सूर्योदय पाहायला येतात. सेंबालुनची दमछाक करणारी चढण, तंबूंची दाटी आणि वाटेवरचा संतापजनक कचरा हे सारे आम्हीही अनुभवले. मात्र माथ्यावर सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे असताना माझी नजर पश्चिमेच्या प्रचंड विवरावरून हटत नव्हती.

तिथे एकेकाळी समालास नावाचा, अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे ४२०० मीटर उंच ज्वालामुखी होता. १२५७ साली त्याचा उद्रेक झाला, राखेचा स्तंभ ४० किलोमीटरच्या आसपास उंच गेला आणि पोटातला शिलारस रिता होताच डोंगर आत कोसळला. त्या पोकळीत आज सेगारा आनाक सरोवर आहे आणि त्यातून वर आलेला बारुजारी हा छोटा ज्वालामुखी अजूनही धुमसतो. २०१५ मध्ये त्याच्या राखेमुळे शेजारच्या बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता.

उतरल्यावर बेटाच्या पूर्व भागातली प्युमिसची, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या हलक्या दगडाची, एक खाण पाहण्याचा मी हट्ट धरला. आयोजकाने बरीच खळखळ केली, पण त्या थांब्याने सगळ्या प्रवासाचे चीज झाले. डोक्याच्या कितीतरी वर गेलेली राखाडी-पांढरी भिंत बोट लावताच भुरभुरत होती. तिच्यातला मुठीएवढा, वजरीसारखा सच्छिद्र दगड मी पाण्याच्या भांड्यात टाकला, तर तो चक्क तरंगला. सह्याद्रीचा काळा, जडशीळ बेसॉल्ट भेगांमधून वाहत आलेल्या लाव्हाचा. इथे मात्र चिकट शिलारसात कोंडलेल्या वायूंनी त्याचा फेस करून तो आकाशात उधळला होता.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात या उद्रेकाचे गंधकयुक्त अवशेष संशोधकांना आधीच सापडले होते, पण ते नेमक्या कोणत्या ज्वालामुखीचे, हे अनेक वर्षे उमगत नव्हते. लोम्बोकवरच्या अशाच प्युमिसच्या थरांत गाडल्या गेलेल्या, कोळसा झालेल्या लाकडाचे वय आणि ‘बाबाद लोम्बोक’ या ताडपत्रावरील बखरीतले पामातान नगरीच्या विनाशाचे वर्णन यांची सांगड घालून २०१३ मध्ये समालासचे नाव पुढे आले.

हा एवढा मोठा पुरावा बांधकामासाठी खणून ट्रकमधून रोज चालला आहे. आम्ही पाहिलेल्या खाणीजवळ साधा माहितीफलकही नव्हता, याचे मला फार वाईट वाटले. निदान एक भिंत तरी राखून ठेवावी आणि माथ्यावर नेणाऱ्या प्रत्येक सहलीत तिच्यासाठी अर्धा दिवस असावा.