‘शांतता राखा’च्या पाटीखाली

ग्रंथालयात शिरलं की मी आधी सूचनाफलकासमोर थांबतो. लहान मुलांसाठी गोष्टींचा तास, विणकामाचा गट, ज्येष्ठांसाठी मोबाईलचा वर्ग, कराचे अर्ज भरायला मदत, आणि एका कोपऱ्यात टाचणीला लोंबकळणारा बुद्धिबळाचा कागद. प्रत्येकाच्या तळाशी ‘प्रवेश विनामूल्य’. बाहेर कुठे हे शब्द दिसले की आपण खिसा चाचपतो, कारण पुढे काहीतरी गळ्यात मारलं जाणार हे ठरलेलं. निदान चहा पाजून सदस्यत्वाचा अर्ज तरी पुढे सरकवतील. ग्रंथालयात मात्र खरंच कुणी काही विकत नाही. तासभर बसा, कंटाळा आला तर उठा. वक्ता सोडला तर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

तसं ते फुकट नसतंच. पैसे आपण सगळ्यांनी मिळून आधीच दिलेले असतात, करातून. अमेरिकेतल्या पीटरबरो या छोट्या गावाने १८३३ साली ही युक्ती केली: ग्रंथालय गावाच्या करावर चालवायचं आणि पुस्तकं सगळ्यांना मोफत द्यायची. पुढे बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ‘सर्वांना मोफत’ अशा अर्थाचे शब्द थेट दारावरच्या दगडात कोरून घेतले. दगडात कोरलेलं मागे घेणं अवघड, हा त्यातला शहाणपणा असावा.

‘ग्रंथालयात हे तमाशे कशाला?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी बडोद्याचं उदाहरण देतो. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयं उभी करायला घेतली. त्या ग्रंथालय खात्यात पडद्यावर चित्रं दाखवणारी एक वेगळी शाखाही होती. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्यानेही ग्रंथालयाचा लाभ घ्यावा म्हणून. पुस्तकांना राग यावा असं त्यात काय आहे?

मला या कार्यक्रमांचं खरं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी आहे. मोठ्या माणसाला चारचौघांत अडाणी असण्याची सोय इथे आहे. पैसे भरून क्लास लावला की वसुलीचा हिशेब सुरू होतो. पंधरा दिवसांत काय आलं, जमत नाही तर सोडलं का नाही, हे घरचे विचारतात आणि घरच्यांच्या आधी आपण स्वतःला विचारतो. ग्रंथालयातल्या विणकामाच्या गटात सुईवरचे टाके तिसऱ्यांदा उसवले तरी बुडालं काय? नवी भाषा शिकणाऱ्यांचे गप्पांचे गट असतात. तिथे क्रियापदं हवी तशी कोलमडतात आणि समोरचा माणूस मान डोलावत राहतो, कारण त्याचीही कोलमडलेलीच असतात. हेलसिंकीच्या ‘ओओदी’ ग्रंथालयात, जे २०१८ साली उघडलं, एक मजला शिवणयंत्रं आणि त्रिमितीय छपाईची यंत्रं यांना दिला आहे आणि पुस्तकं त्याच्या वरच्या मजल्यावर. पडद्याला दुमड घालायला आलेला माणूस जाता जाता कादंबरी घेऊन जात असेल, किंवा नसेलही. न नेली तरी पडदा झालाच की.

या सगळ्यांत माझा लाडका कार्यक्रम मात्र कुत्र्याला वाचून दाखवण्याचा. १९९९ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये त्याची सुरुवात झाली आणि मग तो कितीतरी ग्रंथालयांत पसरला. वाचताना अडखळणारं मूल एका शांत, शिकवलेल्या कुत्र्याशेजारी बसतं आणि मोठ्याने वाचतं. कुत्रा चुका काढत नाही. ‘पुन्हा वाच’ म्हणत नाही, घड्याळाकडे बघत नाही, शेजारच्या मुलीचं उदाहरण देत नाही. जोडाक्षराशी मूल झटापट करत असताना तो फार तर जांभई देतो. शिक्षकांना आणि आईबापांना कितीही प्रेम असलं तरी हे जमत नाही, हे मी पालक म्हणून सांगतो. आपला ‘अगं, नीट बघ ना’ तोंडातून निसटतोच.

माणसांनी हे काम करायचं ठरवलं तर काय होतं, ते ‘मानवी ग्रंथालया’त दिसतं. २००० साली डेन्मार्कमध्ये ही कल्पना निघाली. तिथे माणूसच ‘पुस्तक’ म्हणून घटकाभर वाचायला घ्यायचा: कुणी निर्वासित, कुणी अंध, कुणी व्यसनातून बाहेर आलेला. एरवी जे विचारणं उद्धटपणाचं ठरतं, ते इथे विचारता येतं.

सगळे कार्यक्रम चांगले असतात असं नाही. आरोग्यावरची काही व्याख्यानं इतकी लांबतात की श्रोत्याची तब्येत बिघडावी. चित्रपट दाखवताना आवाज नेमका बंद असतो. आणि मोफत असण्याची एक खोडही आहे: नाव नोंदवायला सगळे उत्साही, यायला मात्र त्यातले थोडेच. पैसे गेलेले नसल्याने पाऊस आला, झोप आली, कुणी पाहुणा आला, कशाने तरी बेत रद्द होतो. म्हणून अनुभवी ग्रंथपाल खुर्च्यांपेक्षा जास्त नावं घेतात. तेव्हा फलकावर ‘नोंदणी पूर्ण’ अशी चिठ्ठी लागलेली असली तरी वेळेवर जाऊन दाराशी विचारायला हरकत नाही. पुढची रांग तर बहुतेक वेळा रिकामीच असते.