होडीत पेट्रोलची पक्की टाकी बसवताना

मालवणजवळ देवबागला आमची वीस फुटी फायबरची होडी आहे, आउटबोर्ड म्हणजे मागे बाहेरून लावलेल्या इंजिनची. गळाने सुरमई मारायला जातो. पेट्रोल आजवर कॅनमधून चालायचं. एक कॅन संपला की डुलत्या होडीत पाइप काढून दुसऱ्याला जोडायचा, आणि इंजिन, कॅन, मी असं सगळंच वजन मागे आल्यामुळे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उचललेली. म्हणून मधल्या बाकाखाली 60 लिटरची पक्की टाकी बसवायची ठरवलं. भरली की पेट्रोलचंच वजन 45 किलोच्या आसपास होतं. हे वजन मध्यावर आलं की होडी सरळ बसते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, होडी वर काढलेलीच असते. पण बाक कापणं आणि रेझिनचं काम मे महिन्यातच उरकलं. पावसाळी हवेत रेझिन धड धरत नाही.

टाकी कुडाळला बनवून घेतली. 5052 ग्रेडचा 3 मिलीमीटर ॲल्युमिनियम पत्रा, आर्गन वेल्डिंग, आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवी पट्टी. वेल्डिंगवाला साफसफाईसाठी तळाला नळ काढून देत होता. सोबत आलेल्या काकांनी तिथेच अडवलं, "खालसून भोक नको हां. गळला तर सगळा पेट्रोल होडीच्या तळातच रवतला." त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पेट्रोलच्या टाकीला सगळी तोंडं वरूनच हवीत: भरायचं, हवेचं, इंजिनकडे जाणारं आणि पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या काट्याचं.

सगळ्यात जास्त वेळ गळती तपासण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. सगळी तोंडं बंद करून एका तोंडाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि छोटं प्रेशर गेज लावलं आणि हातपंपाने 3 पीएसआय हवा भरली. कॉम्प्रेसर लावू नका, सपाट पत्रा बघता बघता फुगतो. मग ब्रशने प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. गेजचा काटा हललेला दिसत नव्हता, पण पातळीच्या काट्यासाठीच्या गोल तोंडापाशी वेल्डिंगच्या टोकाला मोहरीएवढा बुडबुडा यायचा, फुटायचा, परत यायचा. तेवढा भाग घासून पुन्हा वेल्ड केला आणि चाचणी पहिल्यापासून घेतली.

बसवताना फायबरवाल्याचा आग्रह होता की भोवती फोम ओता, टाकी हलणारच नाही. हलणार नाही हे खरं, पण फोम आणि पत्र्याच्या फटीत खारं पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही आणि ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडत जातात. वरून पत्ता लागत नाही. मी टाकी फायबर चढवलेल्या दोन आडव्या पट्ट्यांवर ठेवली, मध्ये निओप्रीन रबर, तेही टाकीला पूर्ण चिकटवलेलं. चारी बाजूंनी बोटभर फट. स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर, कारण खाऱ्या पाण्यात स्टीलला चिकटलेलं ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं.

पाइप दुकानातला पारदर्शक नको. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात तो कडक होऊन तडकतो. आयएसओ 7840 (होडीतल्या इंधनाच्या पाइपचं मानक) छापलेला मुंबईहून मागवला. भरायच्या पाइपला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प. हवेच्या पाइपने मात्र छळलं. बाकाखालून वळवताना तो एके ठिकाणी खाली झोळला होता. तिथे पेट्रोल साठून हवा अडायची आणि भरताना तोंडातून उलट उसळायचं. टाकीपासून बाहेरच्या जाळीपर्यंत तो चढताच नेला, तेव्हा थांबलं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाला बसते. बाकाखालची बॅटरी आणि स्विच दुसरीकडे हलवले आणि त्या कप्प्याला दोन बाजूंनी जाळ्या ठेवल्या. भरायच्या धातूच्या तोंडापासून टाकीपर्यंत आणि पुढे बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वायर जोडली, कारण मधला पाइप रबराचा, त्यातून स्थिर वीज उतरत नाही. आमच्याकडे किनाऱ्यावर कॅननेच भरतात, तेव्हा नरसाळं धातूचं आणि तोंडाला टेकवलेलं. प्लास्टिकच्या नरसाळ्यात स्थिर वीज तयार होते आणि तिची एक ठिणगी पुरते.

इंजिनच्या आधी पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर आहे. अर्धवट रिकामी टाकी दमट हवा ओढते, इथेनॉल ते पाणी धरून ठेवतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही खाली बसतात, नेमकं इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी. म्हणून बंदीच्या आधी टाकी रिकामी करून ठेवायची. आणि एरवी काठोकाठ भरायची नाही. मी 57 लिटरला थांबतो. उन्हात पेट्रोल फुगलं की जादाचं हवेच्या पाइपातून थेट खाडीत जातं.