वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत दोन लोखंडी कॉटांच्या मध्ये एक काच आडवी टाकलेली असायची. काच खिडकीची होती. कुणाच्या खिडकीची, हे विचारायचं नसे. खाली फरशीवर शंभरचा बल्ब. काचेवर सीनियरची तपासून आलेली ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी, चारही कोपऱ्यांना सेलोटेप. बल्ब लागला की सीनियरच्या रेघा आपल्या कागदातून वर यायच्या आणि आपण टू-एच पेन्सिलीनं त्या गिरवत बसायचं. हिला जीटी म्हणतात, ग्लास ट्रेसिंग. मे महिन्यात त्या काचेवर वाकून तासभर बसलं की घामाचा थेंब नेमका टायटल ब्लॉकवर पडतो. आमच्यातल्या एकानं झोपेच्या भरात सीनियरचा रोल नंबरसुद्धा गिरवला होता.

विषय होता इंजिनीअरिंग ड्रॉइंग, म्हणजे ईडी. फर्स्ट इयरला सगळे एम-वनला, म्हणजे गणिताला घाबरायचे. मी निर्धास्त होतो, कारण शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमीजिएटला मला बी ग्रेड होती. मडकं, सफरचंद, मागे पडदा, सावली कुठे पडते, हे सगळं जमायचं. इथे मडकं नव्हतंच. इथे एक रेघ होती.

रेषा एबी, लांबी 75 मिमी. एचपीशी 30 अंश, व्हीपीशी 45 अंश. ए हे टोक एचपीच्या 15 मिमी वर आणि व्हीपीच्या 20 मिमी पुढे. प्रोजेक्शन्स काढा.

एवढंच गणित. प्रोजेक्शन्स म्हणजे वरून आणि समोरून दिसणारी चित्रं. एचपी म्हणजे फरशी धरा, व्हीपी म्हणजे समोरची भिंत, दोन्ही जिथे मिळतात ती एक्स-वाय रेषा, आणि त्या कोपऱ्यात एक काडी हवेत तिरकी अडकलीय. मी रात्री खोलीच्या कोपऱ्यात पेन धरून उभा राहायचो, रूममेट म्हणायचा, “झोप आता.” मजा अशी की वरून पाहिलं तर ती काडी साधारण 65 मिमीची दिसते, समोरून पाहिलं तर 53 ची. पेपरात छापलेले 75 कुठल्याच व्ह्यूमध्ये नाहीत. ते शोधायला रेषा आधी भिंतीला समांतर आणायची, मग फिरवायची, कंपासनं कंस मारायचे. सर फळ्यावर हे चार मिनिटांत करायचे आणि मागे वळून “समजलं?” म्हणायचे. आम्ही साठ जण एका सुरात हो म्हणायचो.

त्यात आपल्याकडे फर्स्ट अँगल. वस्तू पाहणाऱ्याच्या आणि भिंतीच्या मध्ये असते, मग फरशी बिजागरीवरून खाली पाडायची, म्हणून वरून दिसलेलं चित्र खाली येतं आणि डावीकडून दिसलेलं उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. तिथे वरचं वर आणि डावीकडचं डावीकडेच राहतं. हे कळलं त्या रात्री मी अमेरिकेला जायचं पक्कं केलं होतं.

हे सगळं काढलं गास्पार मोंज नावाच्या फ्रेंच माणसानं. अठराव्या शतकात तो मेझिएरच्या लष्करी शाळेत होता. शत्रूच्या तोफेच्या माऱ्यात येऊ नये असा किल्ला कसा आखायचा, याची लांबलचक आकडेमोड असायची. मोंजनं ती नुसत्या रेघा मारून इतक्या लवकर सोडवली, की वरिष्ठ आधी उत्तर तपासायलाही तयार होईनात. पटल्यावर मात्र फ्रेंच लष्करानं ही पद्धत कित्येक वर्षं गुपित ठेवली. 1795 मध्ये मोंजनं ती पॅरिसमध्ये उघडपणे शिकवली. माझं म्हणणं, घाई केली. माझ्या उत्तरपत्रिकेत ते गुपित नंतरही सुरक्षित होतं: शंभरापैकी 31. केटी, म्हणजे पेपर पुन्हा द्यायचा.

सुट्टीत इस्लामपूरला घरी आलो तो ड्रॉइंग बोर्ड खांद्याला लावूनच. ईडीचा अभ्यास करायचा होता. दोन दिवसांत बोर्ड आईकडे गेला. ती ब्लाऊज शिवते, आणि फरशीवर बसून कापण्यापेक्षा बोर्ड बरा, असं तिचं मत पडलं. मी शेजारी पुस्तक घेऊन बसलो होतो. धडा ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’: शंकू उलगडला की पाव-अर्ध्या भाकरीसारखा आकार होतो, भेळेच्या पुड्याचा कागद सोडवल्यासारखा. चेंडूसारखा गोल मात्र असा सपाट होत नाही. त्याच्या पाकळ्या कराव्या लागतात, त्याही अंदाजानं.

आई खडूनं मुंढ्याचा बाक काढत होती. मग तिनं कापडावर टक्ससाठी दोन तिरक्या रेघा मारल्या. सपाट कापडातून तेवढी पाचर मिटली की कापड फुगतं, अंगाला बसतं. कटोरी ब्लाऊज असेल तर वेगळे तुकडेच कापायचे. मी पुस्तकातली पाकळी पाहिली, मग कापड पाहिलं.

“आई, तू करतेस ना, ते माझ्या पेपरात आहे.”

“हो? मग तुझा का राहिला?” ती टेप गळ्यात टाकत म्हणाली.

दुसऱ्या खेपेला 44 आले. शीट्स तेव्हाही जीटी मारूनच दिल्या, उगाच खोटं कशाला सांगू. रेषेचा प्रश्न मात्र परीक्षेत पेन न धरता सुटला. आता ऑफिसात स्क्रीनवर मॉडेल फिरवलं की तिन्ही व्ह्यू आपोआप पडतात. नवीन आलेली पोरं वर्कशॉपमध्ये थर्ड अँगलचं ड्रॉइंग फर्स्ट अँगल समजून वाचतात आणि भोक उलट्या बाजूला पाडून आणतात. मला त्यांच्यावर रागावता येत नाही.

बोर्ड घरीच राहिला. एकदा शीट फाटून पेन्सिल आरपार गेली होती, तेव्हाची माझी एक्स-वाय रेषा त्याच्या लाकडात अजून आहे. आई कापडाची किनार तिलाच लावून घेते आणि मग कात्री उचलते.