रात्रीचे ११ युनिट

महापालिकेच्या शाळेत मी नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते, पण शाळेचं वीजबिल पहिल्यांदा पाहिलं ते सातव्या वर्षी. आमच्याकडे बिल शाळेत येतच नाही. ते विद्युत विभागात जातं, तिथून लेखा विभागात, आणि परस्पर भरलं जातं. 'निघताना पंखे बंद करा रे' म्हणून मी रोज घसा फोडायचे, पण त्यातून काय वाचलं, कुणाचं वाचलं, देव जाणे.

त्या वर्षी विद्युत विभागात एक तरुण कनिष्ठ अभियंता बदलून आले. जुन्या चोकवाल्या ट्यूबा काढून २० वॅटच्या एलईडी लावायचं काम चाललं होतं. सहज म्हटलं, "साहेब, आमचं बिल दाखवाल का कधी?" त्यांनी मोबाइलवर उघडलं आणि दोघंही गप्प झालो. सरकारी शाळांना 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा दर असतो. आमच्या बिलावर छापलं होतं 'वाणिज्यिक'. म्हणजे वीज कंपनीच्या लेखी आम्ही दुकान! बिल भरणाऱ्याने शाळा पाहिलेली नाही आणि शाळेने बिल; चूक सापडणार कुणाला? अर्ज, स्थळपाहणी, पुन्हा अर्ज असं करत पाच महिन्यांनी ती सुधारली.

जाताना साहेब म्हणाले, "मॅडम, रोज दोनदा रीडिंग घ्यायला लावा. कुलूप लावताना आणि उघडताना."

सातवीच्या मुलांनी वही आखली. पहिल्याच आठवड्यात आकडा आला: रात्रीचे ११ युनिट. शाळा बंद, मीटर चालू. एक मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "बाई, कुणीतरी आकडा टाकलाय!"

मग एका संध्याकाळी साहेब, वायरमन, शिपाईमामा आणि पालकांना विचारून थांबवलेली चार मुलं, असे सगळे मीटरपाशी जमलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज जितकी जास्त, तितका तो भरभर लुकलुकतो. वायरमन एकेक एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या पेटीतलं एकेका भागाचं बटण, पाडत होता आणि मुलं मोठ्याने लुकलुक मोजत होती. पाण्याचा कूलर बंद केला, जरा मंदावला. संगणक कक्षाचा यूपीएस, आणखी थोडा. शेवटी 'ग्राउंड' लिहिलेलं बटण पाडलं तर दिवा थांबलाच, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "अहो, लाइट गेली!"

मैदानाच्या भिंतीवर २५० वॅटचे दोन दिवे होते आणि दोघांची तोंडं शेजारच्या बागेकडे. १२ तासांचे ६ युनिट तिथेच! बागही महापालिकेचीच म्हणा. पण उद्यान विभाग काही ते दिवे आपल्या मीटरवर घेईना. शेवटी तडजोड झाली: ५० वॅटचे दोन एलईडी, अकराला बंद होणारा टायमर, मीटर मात्र आमचाच.

माझा भाचा जर्मनीत हॅम्बुर्गला असतो. त्या शहराने १९९४ च्या सुमारास शाळांशी ठरवलं की वापर कमी करून जे पैसे वाचतील त्यातले निम्मे शाळेला, निम्मे शहराला. नावच फिफ्टी-फिफ्टी. वॉर्डाच्या बैठकीत मी हे मोठ्या हौसेने सांगितलं. लेखा विभागाचे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, वीजबिलाचं हेड वेगळं, शाळेचं हेड वेगळं." हेड म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं; एकातले पैसे दुसऱ्यात जात नाहीत. नियमाने ते बरोबरच असणार, पण मला राग आला तो आलाच. मुलांनी महिनोन्महिने वही भरायची आणि वाचनालयाला साधं कपाटही नाही?

कपाट शेवटपर्यंत मिळालं नाही. विद्युत विभागाच्या साहेबांनी मात्र आपल्या देखभालीच्या हेडमधून सातवीच्या वर्गाला चार नवे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे बसवून दिले. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हे साधारण ३०. आवाजही नाही. पोरं पहिले दोन दिवस नुसती वर बघत बसायची.

परवा शाळेत गेले होते. वही चालू आहे, तिसरी. आदल्या रात्रीपुढे लिहिलं होतं ३ युनिट, आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने: 'मामा कूलर विसरले.'