तिनाच्या दोन

काका माझे पेशंट, शिवणकाम करायचे. मणक्याची दोन ऑपरेशनं होऊनही डाव्या पायातली कळ गेली नव्हती. सहा वर्षं ट्रॅमाडॉल या अफूवर्गातल्या वेदनाशामकाची ५० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-दुपार-रात्र घेत होते आणि मशीनवर बसत होते. डोस कधी वाढवून मागितला नाही, चिठ्ठी कधी हरवली नाही. व्यसन लागलेला माणूस असा नसतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

एप्रिल २०१८मध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. शेड्यूल एच-१ या औषधांच्या यादीत ते आधीपासून होतंच. म्हणजे केमिस्टनं पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती तीन वर्षं जपायची. नव्या निर्बंधाला कारणही होतं, नशेसाठी गोळ्या सर्रास विकल्या जात होत्या. पण आमच्या धंद्यात कायदा वाचत कोणी नाही, सगळे ऐकतात. एका दुकानावर तपासणी झाल्याची बातमी आली आणि आठवड्याभरात बाकीच्यांनी माल परत पाठवला. एक डॉक्टर मित्र म्हणाला, "कशाला लफडं? दुसऱ्या गोळ्या काय कमी आहेत?"

मीही लिहायचं थांबवलं. वैध चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल द्यायला मनाई तेव्हाही नव्हती, आजही नाही. तरी काकांना सांगितलं, "सरकारनं बंद केलंय." पॅरासिटामॉल आणि प्रीगॅबालिन लिहून दिलं. त्यांनी वाद घातला नाही. तो घालायला हवा होता, असं मला आता वाटतं, आणि मग माझीच लाज वाटते.

सव्वा वर्षानं आले ते पायांवर सूज घेऊन. नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. रक्त तपासलं, क्रिएटिनिन ४.१. हा आकडा चढला की मूत्रपिंडं थकलीत असं समजायचं. कुठल्या गोळ्या घेता, असं विचारल्यावर मुलानं पिशवीच उलटी केली. टेबलावर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या रिकाम्या पट्ट्यांचा ढीग. दिवसाला तीन, कधी चार. तेही चिठ्ठीवरच द्यायचं औषध, पण त्यासाठी कुणी वही काढली नव्हती. मूत्रपिंडं खाणारी गोळी हातोहात मिळाली. त्यांना सोसणारी होती, ती आम्ही सगळ्यांनी मिळून कडीकुलपात ठेवली.

नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डायक्लोफेनॅक थांबवल्यावर क्रिएटिनिन तीनपर्यंत उतरलं, पुढे उतरेना. आता ट्रॅमाडॉल मीच लिहितो. दुकानात मागवून ठेवायला लावतो, चिठ्ठीवर निदान, गोळ्यांची संख्या, तारीख सगळं स्वच्छ अक्षरात. डॉक्टरच्या मानानं फारच स्वच्छ.

मात्र मूत्रपिंडं इतकी गेल्यावर हे औषध अंगात साचतं. झापड येते, झटके येऊ शकतात. दोन गोळ्यांत बारा तासांचं अंतर लागतं. म्हणजे तिनाच्या दोन.

हे समजावून सांगितलं तेव्हा काका बोटांवर हिशोब करत होते. म्हणाले, "सकाळची आणि रात्रीची ठेवतो, डॉक्टरसाहेब. दुपारी मशीनवर नाही बसणार."

मागच्या महिन्यात कागदाच्या पुडीत चार गोळ्या परत आणल्या. उरल्या होत्या म्हणे. मी त्यांच्यासमोर मोजल्या आणि केसपेपरवर नोंद केली.